इस्त्रीवाल्याचा शेक

माझ्या सासऱ्यांना सुरकुती बघवत नसे. कुणाला पालीची किळस येते, कुणाला उंचावर गेलं की गरगरतं, तसं त्यांचं सुरकुतीचं होतं. कुणाकडे गेले आणि सोफ्याचं कव्हर गोळा झालेलं दिसलं की आधी ते ओढून सारखं करायचे, मग बसायचे. आमच्या लग्नाच्या फोटोत सगळी माणसं कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत आणि हे एकटे आपल्या मुलाच्या बाहीकडे बघताहेत. बाहीला कोपरापाशी चुणी पडली होती. फोटोवाला "काका, इकडे बघा" म्हणून थकला, पण हे काही बधले नाहीत.

त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं. खाली दुकान आणि वर आम्ही. दुकानात भिंतीला लागून एक लांबरुंद टेबल, त्यावर जाड कांबळं, कांबळ्यावर ताणून बसवलेली पांढरी चादर. मागे हँगरची रांग. ओल्या कापडावर इस्त्री फिरली की एक वास सुटतो, तो वास आमच्या जिन्यात, पडद्यात, माझ्या केसांतसुद्धा भरलेला असायचा. गल्लीत सगळे त्यांना कडककाका म्हणायचे. स्वभावाने ते अजिबात कडक नव्हते, पण त्यांच्या हातून गेलेली कॉलर दिवसभर मान टाकत नसे, त्यावरून ते नाव पडलं होतं आणि त्यांना ते मनापासून आवडायचं.

मी लग्न होऊन आले आणि लवकरच काउंटरवर उभी राहायला लागले. कपडे घ्यायचे, चिठ्ठी टाचायची, परत द्यायचे. सासरे गिऱ्हाइकाशी फारसं बोलत नसत आणि मी तोंडाची फटकळ, त्यामुळे भांडणाचं खातं आपसूक माझ्याकडे आलं. नवरा मालाची गाडी चालवतो, तो आठवड्यातले निम्मे दिवस बाहेर. मग घरात उरायचो आम्ही तिघं, मी, सासरे आणि सासूबाई. आमचं छान जमायचं. म्हणजे मी बोलायची, सासूबाई हसायच्या आणि सासरे इस्त्री फिरवायचे.

गरम या शब्दाचा आणि त्या माणसाचा काही संबंधच नव्हता. उकळता चहा आला की फुंकर न मारता घशाखाली. इस्त्री तापली का ते गालाजवळ धरून बघायचे. बोटांची टोकं अशी निबर झाली होती की तव्यावरचं काहीही सहज हाताने उलटायचे आणि आम्ही बायका उलथनं शोधत बसायचो. एकदा त्यांच्या पायावर इस्त्री पडली. त्यांनी आधी इस्त्री उचलून तिचा तळ निरखून बघितला, ओरखडा गेलाय का म्हणून. मग पायाकडे बघितलं. "लागलं का हो?" असं सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "नाही, तळ चांगला आहे."

अशा माणसाच्या पोटात दुखायला लागलं.

पहिले काही महिने त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. आम्हाला दिसत होतं ते एवढंच की पँट कमरेला राहत नाही आणि टेबलाशी उभं राहिल्यावर ते मधूनच पुढे वाकतात. दुखणं पोटातून निघून थेट पाठीत जायचं. शेवटी मी त्यांना जवळजवळ ओढत हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या, मग आणखी तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं की स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पसरलेला आहे, ऑपरेशन करून उपयोग होणार नाही. डॉक्टर चांगला माणूस होता. खिशावर शाईचा डाग होता, पण बोलताना आमच्या डोळ्यांत बघून बोलला.

सासूबाईंनी ते नाव हळूच एकदा म्हणून बघितलं. मग म्हणाल्या, "नाव किती गोड आहे हो त्याचं. आपल्याला कधी माहीतच नव्हतं आपल्याकडे असं काही आहे म्हणून."

मी तिथून उठले आणि बाहेरच्या नळाखाली तोंड धुण्याच्या निमित्ताने पोटभर रडून घेतलं. परत आले तर सासरे डॉक्टरांच्या टेबलावरचा टेबलक्लॉथ तळहाताने सारखा करत होते.

दुखण्यावर गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी बराच फरक पडला. पण एक गोष्ट काही केल्या जमेना. त्यांना आडवं होता येईना. पाठ टेकली की दुखणं उसळायचं, पुढे वाकलं की जरा बरं वाटायचं. मग त्यांनी स्वतःच एक युक्ती काढली. दुकान बंद करताना टेबलावरचं कांबळं दिवसभराच्या इस्त्रीने गरम असायचं. ते स्टुलावर बसून त्या उबेवर पोट आणि छाती टाकायचे, हातांवर डोकं ठेवायचे आणि तशीच झोप लागेल तेवढी घ्यायचे. कांबळं गार झालं की जाग. मग सासूबाई उठायच्या, इस्त्री लावायच्या आणि त्यांच्या बाजूची जागा पुन्हा शेकून द्यायच्या.

सासूबाई उठायच्या म्हणजे खुर्चीतून उठायच्या. त्याही वर झोपायला जात नव्हत्या. "हे बसलेत आणि मी काय हातपाय पसरून पडू?" हे त्यांचं म्हणणं. मी समजावलं, रागावले, रुसून बघितलं. उपयोग शून्य. दोघं उतारवयातली माणसं दुकानात एकमेकांसमोर बसून रात्री काढत होती. एका सकाळी मी केस विंचरून देत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मला बाई दुसरं काही मागायचं नाही. मोठं काही मागून मिळायचं नाही, एवढं कळतं मला. फक्त एकदा यांना सरळ आडवं झालेलं बघायचंय."

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना हे सगळं सांगितलं, कांबळ्याच्या उबेसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की हॉस्पिटलात शेक द्यायचं एक मशीन आहे, पोटाच्या आतपर्यंत ऊब पोहोचवणारं. "यानं रोग जाणार नाही," ते म्हणाले, "तशी आशा धरू नका. गोळ्याही बंद होणार नाहीत. पण काही पेशंटचं दुखणं यानं हलकं होतं. काहींचं नाही होत. बघायचं का करून?"

सासरे म्हणाले, "शेक ना? मग बघू की. शेकातलं आपल्याला कळतं."

तिथेच पुढच्या सगळ्या गोंधळाची सुरुवात झाली.

शेकाची खोली तळमजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडे होती. तिथल्या बाईंना सगळे शेकवाल्या ताई म्हणत. चांगल्या उंचनिंच, आवाज खणखणीत आणि चालताना चपला अशा वाजायच्या की त्या येण्याआधी त्यांची वर्दी यायची. त्यांच्या कोटाची पुढची बाजू इस्त्री केलेली होती आणि पाठ तशीच चुरगळलेली. मी मनात म्हटलं, बाई घाईतली आहे पण मनाची चांगली आहे. माणसाचा कपडा बघितला की मला बरंच काही कळतं, आणि यात मी फारशी चुकत नाही.

सासऱ्यांनीही पाठ बघितली. "मॅडम, मागची बाजू राहिली आहे," ते म्हणाले.

"मागून मला कोण बघतंय काका?" ताई म्हणाल्या. "चला, शर्ट काढा."

एक अरुंद पलंग, त्यावर पाण्याची गादी. वरून एक जाडजूड लोखंडी हात खाली यायचा आणि त्याच्या टोकाची पाण्याने भरलेली गोल उशी पोटावर टेकायची. त्या उशीतून आत शेक जाणार. सासरे त्या सगळ्याकडे जाणकारासारखे बघत होते. मग त्यांनी पलंगावरची चादर दोन्ही हातांनी ताणली, कोपरे खोचले, मधली सुरकुती तळहाताने पुसली आणि मगच बसले. आडवं होता येत नव्हतं म्हणून ताईंनी पाठीमागे उशांचा उतार करून दिला.

"आता नीट ऐका," ताई म्हणाल्या. "मी शेक हळूहळू वाढवत जाणार. ऊब लागली पाहिजे, चटका लागता कामा नये. मशीनला सगळं कळत नाही, तुम्हाला कळतं. एखाद्या जागी टोचलं, भाजलं, तर हे बटण दाबायचं. लाजायचं नाही. काय?"

"हो," सासरे म्हणाले.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या खेपेला मी काचेबाहेर बसले होते. ताई दर थोड्या वेळाने विचारायच्या, "काका, कसं वाटतंय?" आणि हे म्हणायचे, "बरं वाटतंय." ताई शेक वाढवायच्या. "आता?" "बरं आहे." मला कौतुक वाटत होतं. बाहेर माझ्या शेजारी पुढच्या नंबरचे पेशंट बसले होते, बसचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांनाही सासऱ्यांच्याच जातीचं दुखणं. ते म्हणाले, "तुमचे सासरे दमाचे दिसतात. मी तर पाच मिनिटांत कुरकुरतो." मी ताठ मानेनं बसले.

वेळ संपली, ताईंनी उशी उचलली आणि त्यांचा चेहराच बदलला. पोटावर उजवीकडे लालभडक चट्टा, मध्ये फोड.

"काका, हे काय? बटण का नाही दाबलंत?"

सासऱ्यांनी बटण त्यांच्या हातात दिलं. "वापरलंच नाही. नवंच आहे."

ताई खाली बसल्या. राग आवरत होत्या हे स्पष्ट दिसत होतं. मी मात्र आवरला नाही. मी आत घुसले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, भाजत होतं की नव्हतं?"

"थोडं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

ते अपराध्यासारखे माझ्याकडे बघायला लागले. "अगं सूनबाई, बारीक चुणी कोमट इस्त्रीने जाते का? बसलेली सुरकुती असली की पाणी मारून चांगली तापलेली इस्त्री दाबून धरावी लागते. मला वाटलं, ही बाई हळू हळू करत बसलीये. आपण जरा सोसलं तर एका दमात काम होईल."

म्हणजे त्या दुखण्याला ते इस्त्री करत होते. हसावं की रडावं ते कळेना. ड्रायव्हरकाका दारातून ऐकत होते, ते मोठ्यानं हसले आणि लगेच गप्प झाले.

डॉक्टर आले, त्यांनी मलम लिहून दिलं आणि कातडी भरून येईपर्यंत शेक बंद केला. ताईंनी मला बाजूला घेतलं. "मी रागावलेली नाही," त्या म्हणाल्या, "पण जे पेशंट बोलत नाहीत त्यांना मी शेक देऊ शकत नाही. पुढचा चटका याहून खोल बसेल. ते बोलणार असतील तरच आणा. नाहीतर डॉक्टर बंदच करतील हे, आणि मलाही तेच बरोबर वाटेल."

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी इस्त्री लावली आणि कांबळ्यावरची त्यांची जागा शेकायला घेतली.

कातडी भरत होती, पण सासऱ्यांचं काही ठरेना. "बोलाल ना?" विचारलं की म्हणायचे, "बघू." एकदा मी फारच पिच्छा पुरवला तर म्हणाले, "अगं, मी काय म्हणू त्यांना? गरम लागतंय? मी? सगळी हयात गेली माझी त्यात. तोंडातून निघतच नाही ते." आणि खरंच निघत नव्हतं. लहान मुलाला एखादा शब्द बोलता येऊ नये तसं झालं होतं त्यांचं.

त्या दिवसांत इस्त्री मी करत होते आणि ते कोपऱ्यात खुर्चीवर पुढे वाकून बसून देखरेख करत. एका गिऱ्हाइकाचा रेशमी ब्लाउज आला होता, नाजूक, मोतिया रंगाचा. आधी मी सुती चादरी करत होते आणि इस्त्रीची चकती सुतीवरच राहिली होती. मी ब्लाउज अंथरला. ओलं फडकंही टाकलं नाही. इस्त्री टेकवली न टेकवली तोच कोपऱ्यातून आवाज आला, "उचल."

मी दचकून उचलली. ब्लाउजला काही झालं नव्हतं. क्षणभर आणखी राहिली असती तर झालं असतं. त्यांनी मान वर करूनही बघितलं नव्हतं, नुसता वास आला होता त्यांना.

माझा पारा चढला. "वा," मी म्हटलं, "एका परक्या बाईच्या ब्लाउजसाठी बरोबर तोंड उघडतं तुमचं. आणि स्वतःच्या पोटाला फोड आला तरी बसलात तोंड शिवून."

"गिऱ्हाइकाचा माल आहे तो," ते म्हणाले.

"आणि पोट कुणाचं आहे?"

"माझं."

"तुमचं कसं? सासूबाई रोज रात्र रात्र खुर्चीत बसतात, त्यांचं काहीच नाही का त्यात? तुमचा मुलगा येतो आणि गाडीतून उतरल्या उतरल्या पहिलं 'बाबा कसे आहेत' विचारतो, त्याचं नाही? माझं नाही? आमचा माल आहे तो, बाबा. आम्ही तुमच्याकडे सांभाळायला दिलाय, आणि तुम्ही तो जाळताय."

मी एवढं बोलून गेले आणि मग मलाच रडू फुटलं. इस्त्री हातात होती म्हणून डोळे पुसता येईनात. सासरे उठले, माझ्या हातातून इस्त्री घेतली, उभी करून ठेवली आणि पुन्हा जाऊन बसले. बराच वेळ आपल्या पोटाकडे बघत राहिले. नंतर शर्ट थोडा वर करून त्यांनी दोन बोटांत कातडी धरली आणि कापडाचा पोत बघतात तशी चोळून बघितली.

"जुनं सुती आहे," ते म्हणाले. "धुऊन धुऊन विरलेलं. सुती म्हणून त्याला सुतीवर लावायचं नसतं. लोकरीपर्यंत ठीक. त्याच्या वर गेलं की उचलायला पाहिजे."

"हेच सांगा ताईंना," मी म्हटलं.

"हेच?"

"अगदी हेच."

पुढच्या खेपेला मी आमची एक जुनी इस्त्री पिशवीत घालून हॉस्पिटलात नेली. दारावरच्या रखवालदाराने पिशवी उघडायला लावली आणि इस्त्रीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघितलं. मी म्हटलं, "पेशंटची आहे." त्याने सोडलं. ताईंना मी इस्त्रीची चकती दाखवली. सगळ्यात कमी नायलॉन, मग रेशीम, मग लोकर, मग सुती. "यांना गरम म्हणता येत नाही," मी सांगितलं, "पण हे म्हणता येतं. लोकर म्हणाले की तिथेच थांबायचं. उचला म्हणाले की बंद."

ताईंनी चकती फिरवून बघितली, ओठांनी एकदा सगळं म्हटलं आणि सासऱ्यांकडे वळल्या. "काका, नक्की ना? फसवणार नाही ना मला?"

"कापडाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही," सासरे म्हणाले.

आणि खरंच नाही बोलले. पलंगावर उशांना टेकून डोळे मिटून पडायचे आणि एकेक शब्द सोडायचे. "नायलॉन." ताई थोडा शेक वाढवायच्या. "रेशीम." आणखी थोडा. "उजवीकडे जास्त लागतंय, उजवीकडे लोकर आणि डावीकडे अजून रेशीमच." ताई उशी सरकवायच्या. "आता सगळीकडे लोकर." ताई हात काढून घ्यायच्या आणि तेवढ्यावरच ठेवायच्या. पुन्हा कधी चट्टा उठला नाही.

ड्रायव्हरकाकांना हे फार आवडलं. त्यांना कापडातलं काही कळत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःसाठी गिअर सुरू केले. काचेबाहेर बसून ऐकावं तर आतून आवाज यायचा, "दुसऱ्यात टाका... तिसरा... ब्रेक, ब्रेक." ताई वैतागून म्हणायच्या की खोलीचं कधी दुकान होतं, कधी बस होते, हॉस्पिटल तेवढं राहिलं नाही. पण त्या दिवसांत त्यांच्या कोटाला मागूनही इस्त्री असायची. सासरे तो घरी घेऊन यायचे आणि मी करून द्यायची. खरं तर त्यांनाच करायचा असायचा, पण उभं राहवायचं नाही.

दुखणं हळूहळू हलकं झालं. त्यात शेकाचं किती आणि गोळ्यांचं किती, हे डॉक्टरांनाही सांगता येईना आणि आम्हीही त्यांना छळलं नाही. आम्ही उशा बघत होतो. पाठीमागच्या उतारातली एक उशी गेली. मग काही खेपांनंतर दुसरी. घरी मात्र अजून कांबळंच होतं, घरी आडवं व्हायची त्यांना धास्ती वाटायची. सासूबाईंची खुर्चीही तशीच होती.

ते आता नाहीत, हे इथेच सांगून टाकते. पुढे काही महिन्यांनी ते गेले, आणि त्याबद्दल मला आणखी काही लिहायचं नाही. मला सांगायचाय तो त्याआधीचा एक दिवस, ज्या दिवशी सासूबाई पहिल्यांदा आमच्याबरोबर शेकाच्या खोलीपर्यंत आल्या.

त्या आल्या त्या शाल गुंडाळून, हातात चहाचा थर्मास आणि बिस्किटांचा डबा घेऊन. बाकावर ड्रायव्हरकाकांच्या शेजारी बसल्या आणि लगेच त्यांना बिस्किटं दिली. आत ताईंनी पाठीमागची शेवटची उशी काढली. सासरे हळूच मागे टेकले, पाठ पूर्ण गादीला लागली, आणि ते श्वास रोखून वाट बघत राहिले. काही उसळलं नाही. "नायलॉन," त्यांचा आवाज आला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सगळं ठीक आहे." थोड्या वेळाने "रेशीम" आलं.

मग काहीच येईना.

ताईंनी विचारलं, "काका, कसं आहे?" उत्तर नाही. "काका?" उत्तर नाही. मागे एकदा हे गप्प बसले होते तेव्हा काय झालं होतं ते आम्हाला दोघींनाही माहीत होतं. ताईंनी मशीन बंद केलं, उशी वर घेतली, मी दार ढकलून आत गेले.

पोटावर काही नव्हतं. कातडी नुसती गुलाबीसर. सासरे सरळ आडवे पडले होते, पाय लांब, हात बाजूला, तोंड थोडं उघडं, आणि घोरत होते.

ताई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "आता?" मी हळूच विचारलं.

"आता काय? झोपलेल्या माणसाला शेक देता येत नाही," त्या कुजबुजल्या. तो खणखणीत आवाज मी पहिल्यांदाच एवढा बारीक झालेला ऐकला. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी बाहेर आल्या. "ड्रायव्हरकाका, तुमचा नंबर आहे. उठवू का त्यांना?"

"खबरदार," ड्रायव्हरकाका म्हणाले. "मी जन्मभर सिग्नलला थांबलोय. अजून थोडं थांबेन."

सासूबाई दाराशी आल्या. काचेतून नाही, दारातून बघायचं होतं त्यांना. त्यांनी नीट बघितलं, पायांपासून डोक्यापर्यंत. मला वाटलं आता रडतील. पण त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या, बाकाकडे परत गेल्या आणि बसल्या. ड्रायव्हरकाका सरकून उठले. मग सासूबाईंनी चपला काढल्या, थर्मास बाजूला ठेवला, आणि त्या हॉस्पिटलच्या लाकडी बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, चक्क आडव्या झाल्या. पाय लांब केले. शाल अंगाखाली कशीही गोळा झाली तरी त्यांना त्याची शुद्ध नव्हती. डोळे मिटायच्या आत त्यांना झोप लागली होती.

मी दोघांच्या मध्ये, दाराशी उभी राहिले. कुणी मोठ्यानं बोललं की मी डोळे वटारायची. एक वॉर्डबॉय ढकलगाडी घेऊन आला, त्याला मी दुसऱ्या जिन्याने पिटाळलं. कुणाला वाईट वाटलं असेल तर वाटो.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, झोपेतला, पण कामाचा. "लोकर."

"काका, मशीन केव्हाचं बंद केलंय," ताई म्हणाल्या.

"हो? मग लोकर कशी लागतेय?" ते उठून बसले, पोटाला हात लावला, पाठीला लावला. मग शर्ट घातला आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन बाहेर आले. "तुझ्या सासूबाई कुठे आहेत?"

मी बाकाकडे बोट दाखवलं.

ते त्यांच्याजवळ गेले. त्या गाढ झोपल्या होत्या. शाल खांद्यापासून कमरेपर्यंत अशी चुरगळली होती की एरवी सासऱ्यांनी एक क्षण दम धरला नसता. त्यांचा हात सवयीने पुढे गेलाच. शालीचं टोक त्यांनी बोटांत धरलं, ओढून सारखं करायला.

मग सोडून दिलं.

"राहू दे," ते मला म्हणाले. "हललं की जाग येईल तिला."

आणि बाकाच्या उरलेल्या कोपऱ्यावर, सासूबाईंच्या पायांशी, पाठ ताठ करून ते त्यांना जाग येईपर्यंत बसून राहिले.